ओळीला टांगलेली अक्षरं

बेळगावच्या खडेबाजारातून मान वर करून चाललं की लगेच दिसतं, इथलं प्रत्येक दुकान निदान दोन लिप्यांत बोलतं. वर कन्नड, खाली मराठी, उरलेल्या कोपऱ्यात इंग्रजी. मान वर करून चालणाऱ्याला मागून दुचाकीचा धक्का बसतो तो वेगळा. पण अक्षरं शिकायला निघालेल्या पोरांना याहून स्वस्त वर्ग मिळायचा नाही. कन्नड अक्षराच्या डोक्यावरच्या छोट्या तुऱ्याला तलेकट्टू म्हणतात. तले म्हणजे डोकं, कट्टू म्हणजे बांधणं. थोडक्यात, फेटा. आपल्याकडे शिरोरेषा. फरक एवढाच, की तिकडे ज्याचा फेटा त्याच्या डोक्यावर. इकडे सगळ्या शब्दाला मिळून एकच दांडी आणि वलणीवरच्या कपड्यांसारखी अक्षरं तिला टांगलेली.

डिझाइनच्या वर्गातली टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची मांडणी, मात्र बहुतेक रोमन अक्षरावर बेतलेली असते. रोमन अक्षर तळरेषेवर पाय रोवून उभं राहतं, म्हणून सगळं मोजमाप खालून सुरू होतं. देवनागरी वरून लोंबते. खालची रेषा तिला फक्त अंदाजापुरती हवी असते. हे उलटं गणित ध्यानात आलं नाही, तर पुढे दोन वर्षं मराठी शब्द इंग्रजी कोट घालून फिरत राहतात.

‘अर्थ दाखवणारं अक्षर’ हा स्वाध्याय सगळीकडे साधारण सारखाच असतो. एक शब्द, एक फॉन्ट, फक्त काळा रंग, चित्र काढायचं नाही. अर्थ अक्षरांतूनच दिसला पाहिजे. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पेन्सिलीने वीस कच्ची रेखाटनं, मग संगणक. वीस कशाला, असं सगळेच विचारतात. कारण पहिली पाच सगळ्यांची सारखी येतात. ‘पाऊस’ दिला की पहिल्या पाचांत एक तरी छत्री आणि निदान तीन ठिकाणी ‘ऊ’मधून टपकणारं पाणी. शब्दाकडे खरं बघणं सातव्या-आठव्या कागदापासून सुरू होतं.

‘झोका’ घ्या. अर्थ विसरून नुसत्या रेघा बघा. झ, त्याला काना आणि मात्रा, मग क, मग पुन्हा काना. म्हणजे क दोन कान्यांच्या मधोमध सापडलेला आहे, आणि दोन्ही काने वरच्या दांडीला टांगलेले. आता काने अर्ध्या अक्षराइतके खाली वाढवा आणि क त्यांच्या पायाशी सरकवा. क खाली येताना शिरोरेषेचा आपल्या वाट्याचा तुकडा बरोबर घेऊन येतो; तीच फळी. झोपाळा तयार. झाड नाही, मूल नाही, रेघसुद्धा नवी नाही. झ हलवायचा नाही, तो खांब. दोन्ही काने आणि क एकाच कोनात कलवायचे. दहा-बारा अंश पुरतात. वीसच्या पुढे गेलं की काना काना राहत नाही, कुणीतरी शब्दावर काट मारल्यासारखी दिसते. मात्रा जागेवरच ठेवायची. ती निसटली की झोक्याचा ‘झाका’ होतो. आणि क त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा खाली नेला तर वर दोन काने शेजारी-शेजारी उघडे पडतात आणि डोळा ‘झोा’ असं काहीतरी अघटित वाचतो.

झालं की वर्गाबाहेरच्या माणसाला दाखवायचं. चहाच्या गाड्यावर सहा फुटांवरून तीन सेकंद कागद धरायचा आणि विचारायचं, “काय लिवलंय बघा की.” उत्तर ‘झोका’ आलं तर जमलं. “पाळणा काढलाय की ओ,” असं आलं तर चित्र जिंकलं आणि अक्षर हरलं, परत कागद.

अशी सामग्री आपल्या लिपीत किती पडून आहे! ‘ओझं’मध्ये अनुस्वार मोठा केला आणि त्याखाली शिरोरेषा किंचित पोटात वाकवली की काम झालं. ‘थेंब’मध्ये तर थेंब आधीच लिहिलेला आहे. पण मोह असा, की तो खाली पाडावा. पाडला की वर ‘थेब’ उरतो आणि ब खाली नुक्ता, म्हणजे उर्दू शब्दांतला पायाचा टिंब, लागल्यासारखा दिसतो. वरचा टिंब तसाच ठेवून दुसरा पाडावा, आणि तो ब ओलांडून, मोकळ्या जागेत. वेलांटी, उकार, रफार, काना, मात्रा, हे सगळे सुटे भाग हलवता येतात. अट एकच, हलवल्यावर त्यांचं काम सुटता कामा नये. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं समोर ठेवून त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून गिरवावीत. कुठला अवयव ताणलाय आणि कुठल्याला त्यांनी हातही लावलेला नाही, हे बोटांना कळतं. न लावलेल्या हाताचं शिक्षण जास्त.

अक्षरांतलं अंतर हा दुसरा खड्डा. रोमन मथळा ऐसपैस विरळ केला की महागडा दिसतो, म्हणून मराठीतही तेच करतात. शिरोरेषा जागोजाग तुटते. पडद्यावर केसाएवढी फट दिसतसुद्धा नाही. तीच दहा फुटी फ्लेक्सवर गेली की शब्दाचे दात पडलेले. जागा भरायचीच असेल तर रुंद बांध्याचा फॉन्ट घ्या किंवा अक्षरं बाह्यरेषांत बदलून, म्हणजे त्यांचं चित्र करून, शिरोरेषा हाताने सलग जोडा. यात सगळ्यांत हाल ‘ख’चे. त्याचे दोन भाग खालून जोडलेले नसतील आणि वर अंतरही वाढवलं, तर खानापूरचं ‘रवानापूर’ होतं. बसच्या पाटीवर ते शोभेलही म्हणा.

परिच्छेदाची मांडणी तितकी रंगतदार नाही, पण मार्क तिथंच जातात. सॉफ्टवेअर आपणहून ओळींत अक्षराच्या १२० टक्के अंतर देतं. ११ पॉइंटच्या अक्षराला साधारण १३ पॉइंट. रोमनला ते चालतं. मराठीत वरच्या ओळीतल्या ‘अद्भुत’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांनी’च्या रफार-अनुस्वारावर जाऊन बसतो. ११ ला १६ किंवा १७ द्या. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही सोडावा. ‘महानगरपालिकेच्या’ हा एक शब्द चार सेंटिमीटरच्या स्तंभातली अर्धीअधिक ओळ खातो आणि उरलेल्या दोन शब्दांत खिंडार पडतं. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं ठेवलं की सुटलो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, खरे तिरपे फॉन्ट क्वचित. नुसतं कलवलेलं अक्षर म्हणजे वाऱ्यात सापडलेली पाटी. मग महत्त्व दाखवायचं कशानं? आकार, जाडी आणि कोरी जागा. सरावाला लग्नपत्रिका उत्तम. तोच मजकूर आधी एकाच आकारात, एकाच जाडीत, फक्त जागा कमी-जास्त करून मांडायचा. दुसऱ्या वेळी एक जाडी वाढवायची मुभा. तिसऱ्या वेळी आकार. पहिल्याच फेरीत मुहूर्त आणि कार्यालय चटकन सापडलं, तर पुढच्या दोन फेऱ्यांची गरजच उरत नाही. पत्रिका छापून घेणारे काका मात्र “जागा मोकळी का सोडलीय?” असं विचारणारच, आणि तिथं आणखी एक गणपती बसवणारच.

खरी परीक्षा पाटीची. कर्नाटकात २०२४ पासूनच्या कायद्याने पाटीवर वरच्या बाजूला कन्नड आणि निदान ६० टक्के जागा कन्नडला. त्यावरची मतं चहाच्या गाड्यावर ऐकावीत. कागदावर ते एक मोजमाप आहे. पाटी १० फूट बाय ४ फूट धरा. उंची ४८ इंच, त्यातले २९ कन्नडला, उरले १९. तळाला दोन इंच, कन्नड आणि मराठीच्या मध्ये दोन, इंग्रजीच्या पट्टीला चार. मराठीला ११ राहतात. त्यात वर वेलांटी-रफार, खाली उकार. मूळ अक्षर जेमतेम साडेपाच इंच. इंचाला दहा फूट हा पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब लावला तर ५५ फुटांवरून आरामात वाचता येईल. गल्लीत भरपूर, निपाणीच्या बाजूला हायवेवर काहीच नाही.

म्हणून आधी नाव वाचायचं आणि मग खडूची दोरी मारायची. ‘समर्थ’ला खाली काहीच लोंबत नाही, अक्षर खाली पसरू द्या. ‘गुरुकृपा’ला वर काहीच नाही, शिरोरेषा वर सरकवा. नावाला न विचारता ठरवलेली रेषा कुठल्या ना कुठल्या बाजूला इंचभर वाया घालवते. मधल्या दोन इंचांवर तर दोन्हीकडून चाल होते. कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, खाली उतरतं; मराठीची वेलांटी वर चढते; दोघं बरोबर एकाच ठिकाणी भेटले की तिथं नवीनच अक्षर तयार होतं. मराठी ओळ अर्ध्या अक्षराएवढी बाजूला सरकवली तर बहुतेक वेळा सुटतं. फॉन्टची जोडी शक्यतो एकाच घरातली घ्यावी. बलू आणि नोटो या दोन्ही कुटुंबांत देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. विंडोजमधले मंगल आणि तुंगा, एक देवनागरीचा आणि एक कन्नडचा, हेही अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांच्याच देखरेखीखालचे. पण जोडी एका घरातली म्हणून आकडा सारखा ठेवायचा नाही. दोन्ही छापून, पट्टीने मूळ अक्षराची उंची मोजून मगच जुळवायचं.

उरलं यंत्र. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली आणि जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या परिच्छेद-पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर, म्हणजे आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय, निवडलेला नसतो. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर युनिकोड फॉन्ट लावताच अगम्य झाला, तर तो बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टातला आहे. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि काढल्यावर पुन्हा शब्द न् शब्द वाचा. भाषा ‘मराठी’ निवडली की सोय असलेल्या फॉन्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर आपलं शहापूर हिंदीत लिहिल्यासारखं दिसतं. फॉन्ट विकत घेण्याआधी त्यात एक ओळ टाकून बघायची: दऱ्या, कऱ्हाड, शहापूर, टिळकवाडी, अद्भुत, ट्रॅक्टर, ॲप. दऱ्यांमधला र पापणीसारखा न येता पाय मोडून उभा राहिला किंवा ॲपच्या जागी रिकामी चौकट आली, तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात.