फिल्म झाली असं कधी म्हणायचं?

मोबाईल रिपेअरवाल्याकडे ती सोनेरी-पिवळी टेप बघितलीय ना, कॅप्टॉन, सोल्डरिंग चालू असताना पण ढिम्म राहते ती, तसलीच पॉलिइमाइड नावाच्या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची फिल्म बनवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

पीएमडीए (अ‍ॅनहायड्राइड) आणि ओडीए (अमाइन) ही दोन रसायनं एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमध्ये ढवळली की मधासारखं घट्ट पॉलिअमिक अ‍ॅसिड होतं, म्हणजे पॉलिइमाइडच्या आधीची साखळी, ते काचेवर ब्लेडने पसरायचं आणि पॉलिइमाइड व्हायला ओव्हनमध्ये ढकलायचं, बस्स. पण पुण्यातला जुलै, मी काच टेबलावर ठेवून चहाला गेले आणि येऊन बघते तर फिल्म पांढरीफटक, दमट हवेतलं पाणी ओढून घेतलं होतं तिने. दुसऱ्यांदा वेळ वाचवायला थेट 250 डिग्रीला टाकली तर फोडच फोड. एनएमपी 202 ला उकळतं, त्यात पॉलिइमाइड होताना साखळीत इमाइडची रिंग बंद होते तेव्हा पाणी सुटतं, दोघांना एकदमच बाहेर पडायचं असतं. बरं म्हणून आधी पार कोरडी करावी तर तेही नाही, थोडं सॉल्व्हंट आत असलं तरच साखळ्या हलतात आणि रिंगा पटापट बंद होतात.

शेवटी गुमान पुस्तकी पायऱ्या धरल्या, 80 ला सुकवायची, मग नायट्रोजनमध्ये 100, 200, 300, प्रत्येकी तासभर. तरी शहाणपणा केलाच. 200 ची फिल्म काढून एफटीआयआर घेतला, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने आत कुठले बंध आहेत ते बघितलं, इमाइडच्या 1380 च्या पीकला बेंझिन रिंगच्या न बदलणाऱ्या 1500 च्या पीकने भागलं, इमाइड बऱ्यापैकी झालेलं दिसलं, म्हटलं झालं की, उगाच वीज कशाला जाळा. आणि घडी घातली तर पापडासारखी कडकन मोडली!

झालं काय होतं तर 150 ते 200 च्या दरम्यान रिंगा बंद होत असतानाच काही साखळ्या उलट तुटतात, अ‍ॅनहायड्राइड आणि अमाइनची टोकं सुटी पडतात, ती परत जुळायला अजून वर तापवावं लागतं. एफटीआयआरमध्ये 1850 च्या आसपास सुट्या अ‍ॅनहायड्राइडचा बारीकसा उंचवटा होता, मी तो नॉइज समजून सोडून दिला होता. 300 ची मात्र दहादा दुमडली तरी काही नाही. 350 पण करून बघितलं, रंग गडद झाला, माझ्या कामाला 300 पुरे.

तेव्हापासून आधी घडी, मग एफटीआयआर. आणि ओव्हन बंद करून फिल्म आतच गार होऊ देते, कितीही उशीर झाला तरी. परवाची काच कोमट पाण्यात बुडवून ठेवलीय, अजून एक कोपरा सुटायचं नाव घेत नाहीये.