‘नकाशे (बांधीव), १४ नग’

आमच्या जुन्या दाखल नोंदवहीत ही एवढीच ओळ आहे. टपोरं अक्षर, विटकरी झालेली शाई: ‘नकाशे (बांधीव), १४ नग.’ पुढचे रकाने कोरे. साल नाही, किंमत नाही, कोणी दिले तेही नाही. पुण्यातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात मी तालिकीकरणाचं, म्हणजे संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी करण्याचं, काम करते. नोकरीला लागले त्या वर्षीच ही ओळ वाचली होती आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. गेलं दीड वर्ष रोज दुपारी दोन ते साडेचार मी त्या ओळीवर काम करतेय.

चौदा खंड माळ्यावरच्या लोखंडी कपाटात आडवे ठेवलेले होते. सगळ्यात मोठा उचलायला दोन माणसं लागतात. संगणकावर सगळ्यांची मिळून एकच नोंद होती, ९१२ या वर्गांकाखाली, ‘जुने नकाशे’ अशा नावाची. कोणी काउंटरवर येऊन ‘भीमथडी तालुक्याचा जुना नकाशा आहे का हो?’ असं विचारलं, तर संगणक नाही म्हणायचा आणि आम्हीही नाही म्हणायचो. प्रत्यक्षात तिसऱ्या खंडात भीमथडीतल्या बावीस गावांचे नकाशे होते. भीमथडी हे तालुक्याचं नाव आता उरलं नाही, ती गावं आज दौंड आणि बारामती तालुक्यांत आहेत. म्हणजे आज दौंडच्या नावाने शोधणाऱ्याला तर ते सापडण्याची काहीच आशा नव्हती. कितीजणांना आपण असं परत पाठवलं असेल, हा विचार मला फार लागला, अजूनही लागतो.

पुस्तकाचं तसं नसतं. पुस्तकाला नाव असतं, लेखक असतो, एक नोंद केली की काम भागतं. बांधीव नकाशांच्या खंडात बाहेर एक पुठ्ठा आणि आत चाळीस वेगवेगळ्या वस्तू असतात. ऑर्टेलियस या नकाशाकाराने १५७० मध्ये एकाच मापाचे ५३ नकाशे पाठोपाठ रचून अॅटलास काढला, ते खऱ्या अर्थाने पुस्तकच. पण त्याच सुमाराला रोममध्ये नकाशे विकणाऱ्या लाफ्रेरीच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या पसंतीचे सुटे नकाशे निवडायचा आणि ते एकत्र बांधून घ्यायचा. असे दोन खंड कधीच सारखे निघत नाहीत. आमच्याकडचे बरेचसे खंड याच दुसऱ्या जातीचे. कुणा कचेरीत, कुणा सरदाराच्या वाड्यात जे नकाशे जमले ते कुणीतरी शिवून घेतले. त्यामुळे मी ठरवलं की खंडाची एक नोंद राहील, आणि आतल्या प्रत्येक नकाशाची स्वतंत्र नोंद होईल, दोन्ही एकमेकींना बांधलेल्या. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. मार्क या नोंदींच्या ठरीव साच्यातल्या ७७३ क्रमांकाच्या फील्डमध्ये ‘हा नकाशा अमुक खंडात, अमुक पानावर’ असं लिहिता येतं. एवढ्या नोंदी कोण करणार, असं मला विचारलं गेलं. मी करते म्हटलं.

काम असं चालतं. टेबलावर जुनी स्वच्छ सतरंजी, तिच्यावर दोन बाजूंना फोमचे उतरते ठोकळे, म्हणजे खंड सपाट उघडून पाठ फुटत नाही. हात धुऊन, कोरडे करून पान उलटायचं. नकाशा कागदाच्या कडेपासून मोजत नाहीत, छापलेल्या आतल्या चौकटीपासून मोजतात, आधी उंची मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये. दोन पानांवर पसरलेला नकाशा असेल तर मधला भाग शिवणीच्या खोबणीत गेलेला असतो. तिथे पट्टी पोचत नाही. मी कागदाची अरुंद पट्टी आत सरकवून खूण करते आणि मग पट्टी बाहेर काढून मोजते. मग शीर्षक, जसं छापलंय तसं, ‘पूना’ला पूना आणि ‘सत्तारा’ला सत्तारा. आजची नावं विषयाच्या जागी. मग वॉटरमार्क, टॉर्च कागदामागे धरून. १७९४ नंतरच्या बऱ्याच इंग्रजी कागदांत गिरणीच्या नावासोबत साल उमटवलेलं असतं. नकाशा त्या सालाच्या आधी छापलेला असूच शकत नाही, एवढं तरी नक्की कळतं.

हाताने रंगवलेल्या नकाशांत हिरव्या रंगाची मला भीती वाटते. तांब्यापासून केलेला हिरवा कागदाला खातो. पाचव्या खंडात एका संस्थानाची सीमा हिरव्याने काढली होती. पान उलटताना ती सीमा रेषेवरूनच तुटली आणि संस्थान नकाशातून सुटं होऊन माझ्या तळहातावर आलं. जपानी कागदाच्या पट्टीने ते आता मागून धरून ठेवलंय.

सगळ्यात जास्त वेळ प्रमाणाने खाल्ला, आणि सगळ्यात मोठी चूकही माझी तिथेच झाली.

तिसऱ्या आणि चौथ्या खंडात गावनकाशे आहेत, पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक ऑफिसात छापलेले. मूळ रेखाटनाचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि त्यावरून छापायचं, अशी ती पद्धत. प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर, ओढे, विहिरी, गावठाण, शीव, सगळं त्यात आहे. खाली प्रमाण लिहिलंय, ‘२० चेन = १ इंच’. तालिकेत हे गुणोत्तरात द्यावं लागतं, म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवर किती इंच. चेन म्हणजे गुंटरची साखळी, ६६ फूट, हे मला पाठ होतं. वीस साखळ्या म्हणजे १,३२० फूट, म्हणजे १५,८४० इंच. एकास १५,८४०. छेचाळीस नोंदी मी या हिशेबाने केल्या.

आमच्याकडे एक काका रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येतात. जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्या दिवशी दुपारपर्यंत थांबले होते. माझ्या टेबलाशी येऊन गावनकाशा बघत उभे राहिले, मग स्क्रीनकडे पाहिलं.

‘ताई, साखळी कुठली धरलीत?’

‘गुंटरची. सहासष्ट फुटी.’

‘मग गुंठा कसा व्हायचा?’

मी गप्प. काकांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडलं. ‘आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सहासष्टची साखळी धरलीत तर तुमचा एकर दहा गुंठ्यांचा होईल.’

गुंठा हा शब्द मी जन्मापासून ऐकतेय. आमच्या आजोळच्या जमिनीचे वाद गुंठ्यांत चालायचे. तो शब्द त्याच साखळीतून आलेल्या मापाचा आहे आणि तीच साखळी माझ्यासमोरच्या नकाशाखाली लिहिलेली आहे, हे मला जोडता आलं नव्हतं. तेहतीसच्या हिशेबाने वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, ७,९२० इंच. एकास ७,९२०, म्हणजे मैलाला आठ इंच. खात्रीसाठी मी एका गावाच्या नकाशावर देवळापासून ओढ्याच्या संगमापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं आणि आजच्या उपग्रह नकाशावर तेच अंतर काढलं. काका बरोबर होते. माझ्या नोंदींवर विसंबून कोणी अंतर काढलं असतं तर ते थेट दुप्पट आलं असतं. छेचाळीस नोंदी दोन दिवसांत दुरुस्त केल्या, आणि साखळी ३३ फुटांची धरली आहे हे प्रत्येक नोंदीत शब्दांत लिहिलं, म्हणजे माझ्यामागून येणाऱ्याला पुन्हा तीच शंका नको.

त्यानंतर काकांना मी दर बुधवारी चहाला थांबवून घेते. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून ही मोजणीची घडी कशी बसवली, टिपण म्हणजे काय, फाळणी म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडून समजलं. पुस्तकात वाचलं होतं, पण साखळी ओढलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळं.

रेखांशांचं थोडक्यात सांगते. १८८४ मध्ये ग्रिनिच ठरेपर्यंत जो तो आपल्या सोयीची रेषा शून्य धरायचा. एका फ्रेंच नकाशावर पुणे साधारण ९१ अंशांवर दिसलं तेव्हा मी आधी छपाईची चूक समजले. तो कॅनरी बेटांमधल्या फेरोपासून मोजत होता. फ्रेंच लोक फेरो पॅरिसच्या बरोबर २० अंश पश्चिमेला धरत. पॅरिस ग्रिनिचच्या २ अंश २० मिनिटं पूर्वेला. वजाबाकी केली की आपलं ७३ अंश ५१ मिनिटांच्या आसपासचं पुणे परत जागेवर येतं. आपले ज्योतिषी उज्जैनवरून जाणारी रेषा धरायचे, तसंच हे.

सहावा खंड मात्र मला सगळ्यात जवळचा. त्यात चार मैलाला एक इंच प्रमाणाच्या इंडियन अॅटलासची काही पानं आहेत. १८२७ पासून ही पानं लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जायची. डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने केसासारख्या बारीक रेषा मारलेल्या आहेत. सह्याद्रीचा कणा त्या पानांवर हात फिरवला तर लागेल असा दिसतो. या अॅटलासच्या मुळाशी लॅम्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासला सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी आहे. हा माणूस ती मोजणी उत्तरेकडे नेता नेता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या वाचकांनी कधी गेलात तर जरूर बघा.

या खंडाची बांधणी मध्ये कधीतरी नव्याने करून घेतली होती. बांधणाऱ्याने कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी यंत्राने कापल्या. सुंदर सरळ कापल्या, आणि त्याबरोबर पानांचे क्रमांक, कोरणाऱ्याची नावं, प्रकाशनाची सालं, जे काही समासात होतं ते गेलं. काही पानांवर अक्षरांच्या खालच्या अर्ध्याच रेघा उरल्यात. त्या अर्ध्या रेघांवरून नाव ओळखायला मला आठवडे लागले. नशीब एवढंच की खंडाच्या सुरुवातीची मोडीतली यादी त्याने फेकली नाही. ती नव्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवली.

यादी कुणा कारकुनाच्या हातची, शेवटी शके १७८३ असं स्पष्ट. मोडी मला जेमतेम येते, अक्षर लावत लावत वाचली. ४१ नकाशे नोंदवलेले. खंडात ३८. दोन ठिकाणी पान कापून नेल्याचे खुंट शिवणीत दिसत होते. त्या दोन नसलेल्या नकाशांचीही मी नोंद केली, यादीतलं नाव आणि ‘कापून नेलेला’ असा शेरा देऊन. तिसऱ्याचा, म्हणजे १७ व्या क्रमांकाचा, खुंटसुद्धा नव्हता. यादीत त्याचं नाव ‘घाट खंडाळे, लोखंडी रस्ता’.

अकराव्या खंडात, बंदरांच्या नकाशांमध्ये, एक सुटं पान मला महिनाभर आधी मिळालं होतं. बोरघाटाचा शिळाछाप नकाशा, साल नाही. पण त्यात मुंबईकडून येणारी आगगाडी घाटाखाली खोपोलीपाशी थांबते आणि वर खंडाळ्यापासून पुण्याकडे पुन्हा सुरू होते. मध्ये घाटात नुसती टिंबं. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मधली पाच वर्षं लोक घाट डोलीतून, घोड्यावरून, चालत उतरायचे आणि खाली दुसरी गाडी पकडायचे. म्हणून मी तेव्हा साल लिहिलं होतं, ‘१८५८ ते १८६३ च्या दरम्यान’.

हाच तो सतरावा असेल का? मापात बसत होता, पण मापाने सिद्ध काहीच होत नाही. सहाव्या खंडाच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या पानांना वरच्या उजव्या कोपऱ्यात किड्याने पाडलेली तीन भोकं आहेत, एक मोठं आणि दोन टाचणीएवढी. ट्रेसिंग पेपरवर मी ती उतरवून घेतली आणि तो कागद बोरघाटाच्या कोपऱ्यावर ठेवला. तिन्ही भोकं जिथल्या तिथे बसली. काका शेजारी होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

ते पान मी परत शिवून घेणार नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून सहाव्या खंडाशेजारी ठेवलंय, आणि कुठे सापडलं, मूळचं कुठलं, हे दोन्ही खंडांच्या नोंदींत लिहिलंय. यादी शके १७८३ ची, म्हणजे तेव्हा हा नकाशा खंडात होता, आणि ते शक १८६२ च्या चैत्राआधी संपतं. सालाच्या रकान्यात जाऊन मी ६३ खोडून ६२ केलं.