इलिनॉयमधला तान्हा पोळा

अमेरिकेहून परत आले तर गावात जो तो ख्रिसमसचंच विचारत होता. झाड केवढं होतं, लाल टोपीवाला बाबा घरी आला होता का, वगैरे. आता काय सांगू, तोवर मी थांबलेच नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लेकीकडे इलिनॉयला होते. ऐन कापूस वेचणीत वावर सोडून गेले म्हणून दीर अजून टोमणे मारतात. तर मला सापडले दोनच सण, हॅलोवीन आणि थँक्सगिव्हिंग. त्यातला पहिला मनापासून आवडला.

इलिनॉय म्हणजे कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा मुलूख. डब्यात भरून विकलं जाणारं अमेरिकेतलं बहुतेक कोहळं याच राज्यात पिकतं. मॉर्टन नावाचं गाव तर स्वतःला जगातली कोहळ्याची राजधानी म्हणवतं. हॅलोवीनला ते कोरून दारात ठेवतात. देठाभोवती गोल झाकण कापायचं, कोपरापर्यंत हात घालून बिया अन् धागे ओढून काढायचे, मग आतून खरवडून भिंत पातळ करायची, म्हणजे दिव्याचा उजेड बाहेर येतो. नात पेनाने डोळे-दात काढून देई, चाकू माझ्या हातात. निघालेला गर मी तळायच्या गोड बोंडांसाठी बाजूला ठेवला, तर लेक म्हणे, "आई, हे खायचं नाही, कोरायचं कोहळं आहे." चाखून पाहिला, नुसता पाणचट. बिया मात्र मीठ लावून भाजल्या आणि सगळ्यांनी संपवल्या. आयर्लंडमध्ये म्हणे पूर्वी सलगम कोरत. तिथली माणसं अमेरिकेत आली, त्यांना हे मोठं, कोरायला सोपं फळ मिळालं. सलगमच्या तावडीतून सुटली बिचारी!

त्या वस्तीत शेजाऱ्याकडे जायचं तरी आधी मेसेज टाकावा लागतो. पण 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी कुणाचंही दार वाजवायचं. ओसरीवरचा दिवा लागलेला असला की त्या घरी जायचं, बंद असला की मुकाट्याने पुढे. पोरं कोणत्या वेळेत फिरणार तेही नगरपालिका ठरवून देते. मी चॉकलेटचं पातेलं घेऊन दारात बसले होते. भुतं, राजकन्या, कोळी, एक चालता-बोलता केळीचा घड, सगळे "ट्रिक ऑर ट्रीट" ओरडत आले. सांगाडा झालेलं एक पोट्टं इतकं कुडकुडत होतं, की आईने त्याच्या हाडांवरून जाड जाकीट चढवलं होतं. आता सांगाडा कसला, दिसत होतं ते जाकीटच. पोरगं त्यावरून रुसलेलं, पण चॉकलेटं दोन उचलली.

मला तर हा सरळ तान्हा पोळा वाटला. आपल्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकाचा लाकडी बैल ओढत घरोघर येतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घेऊन जातात, तसंच. आणि भुताखेतांचं म्हणाल, तर त्याच दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गल्ल्या दणाणतात. फरक इतकाच, की तिथे भुतांना खाऊ देतात आणि आपण गावाबाहेर काढतो.

थँक्सगिव्हिंगची गोष्ट वेगळी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. लिंकनने 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, देशभर आभाराचा दिवस पाळायला सांगितलं, आणि 1941 मध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला. मूळ सुगीचा सण, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळं काही दाराआड. जावयांच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाने बोलावलं होतं. टर्की, रताळी, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी आणि शेवटी 'पंपकिन पाय' नावाचा कोहळ्याचा गोड पदार्थ, म्हणजे खायचं कोहळं एकदाचं भेटलं. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं. कुणी नोकरी म्हटलं, कुणी तब्येत. मी म्हटलं, "वेचणीच्या दिवसांत पाऊस आला नाही." सगळे लेकीकडे पाहू लागले. कापूस भिजला तर काय होतं हे तिने इंग्रजीत समजावलं, तोवर बटाटे गार. आपण सीतादहीला, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताला, वावरात कपाशीपाशी उभं राहून दहीभात ठेवतो. तिथे टेबलावर मका होता, पण मका पेरलेला माणूस एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे दुकानांत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता आमच्या गावचा तान्हा पोळा. गेली काही वर्षं तो मैदानात भरतो. सजवलेल्या नंदीची स्पर्धा, वेशभूषेची स्पर्धा, पाहुण्यांची भाषणं. पोट्टे उन्हात रांगेत उभे, बक्षीस तिघांना, बाकीचे रडत घरी. दारावर येणारे थोडेच. या वर्षी मंडळाच्या पोरांना म्हटलं, "भाषणं आधी उरका अन् पोट्ट्यांना घराघरांत सोडा. ज्याला बोजारा द्यायचा त्याने ओसरीवरचा दिवा लावून ठेवावा."

"पाहू नं काकू," म्हणाले, आणि वर्गणीची पावती फाडली.