पेट्रोलवर चांगली चालते

"पेट्रोलवर गाडी झ्याक चालतीया मिस्त्री, ग्यास लावला की अंग टाकतीया."

गाडीतून उतरता उतरता तात्यांनी हे पहिलं वाक्य सांगितलं आणि पुढचे दोन दिवस मी त्या वाक्यामागे धावलो. साताऱ्यात गॅरेज टाकून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाचं म्हणणं नीट ऐकायला मी शिकलो होतो. पण म्हणणं ऐकणं वेगळं आणि त्याने जे बघितलं ते समजून घेणं वेगळं, हे मला त्या ऑगस्टमध्ये कळलं.

तात्या कासच्या रस्त्याला, यवतेश्वरच्याही वर पठारावर राहतात. दारात म्हशी आहेत. पहाटे पाचला किटल्या गाडीत घालून घाट उतरायचा, शहरात घरोघरी रतीब घालायचा आणि दहाच्या सुमाराला रिकाम्या किटल्या घेऊन परत घाट चढायचा, हा त्यांचा नेम. गाडी २०१२ची, चार सिलिंडरची, छोटी. तिला बाहेरून सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं, एलपीजी किट बसवलेलं होतं, आरसीवर त्याची नोंदही होती. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेले, त्यातले निम्म्याहून जास्त गॅसवर.

तक्रार अशी, की घाटाची तीन-चार वळणं चढली की गाडी मिस मारायला लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ पेटत नाही आणि झटके बसतात. चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकतो, मग लागून राहतो. वर पोहोचेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जावं लागतं. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की दहा फुटांवरचं दिसत नाही. अशात चढावर गाडी बंद पडली आणि मागून कुणी आलं तर काय होईल, ते सांगायला नको. तात्यांच्या घरच्यांनी महिनाभर याच काळजीत काढला होता.

त्याआधी दोन गॅरेजं झाली होती. एकाने प्लग आणि कॉइल बदलली, दुसऱ्याने गॅसची अख्खी इंजेक्टर रेल, म्हणजे सिलिंडरांना गॅस सोडणारे सगळे इंजेक्टर. चौदा हजार रुपये गेले. दुधाच्या धंद्यातले चौदा हजार म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. माझ्याही आईने म्हशी सांभाळल्यात.

जाता जाता तात्या म्हणाले, "येक बरं झालंया बगा, इंजिन पयल्यापरास लई शांत झालंय. आदी टकटक वाजायचं."

मी मान हलवली आणि बॉनेट उघडलं. ते वाक्य मी तिथेच सोडलं.

स्कॅनर लावला तर कोड मिळाला पी०३०३. म्हणजे मिसफायर तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये. गॅसच्या गाडीत मिसिंग म्हटलं की माझा हात आधी इग्निशनकडे जातो, आणि ते बरोबरच आहे. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर निभावून नेणारा झिजका प्लग, चिरलेली प्लग वायर किंवा दमलेली कॉइल गॅसवर, तीही चढावर, उघडी पडते. प्लग काढून बघितले. नवेच होते, पण गॅप एक मिलिमीटरच्या वर. ती ०.८वर आणली. प्लग नवा आहे म्हणून गॅप न बघता बसवणारे फार भेटतात.

फरक पडला नाही.

मग अदलाबदल सुरू केली. तीनचा प्लग एकला, एकचा तीनला. प्लग वायरींचंही तसंच. कॉइलवर माझा संशय तसा कमीच होता. या गाडीत एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्यांना मिळून ठिणगी जाते. कॉइलची ती बाजू गेली असती तर तीनबरोबर दोननेही बोंब मारली असती. गॅसच्या इंजेक्टरांची अदलाबदल करायची म्हणजे आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन चालू ठेवायचं आणि लाइनमधला गॅस संपू द्यायचा. गाडी मोकळ्यावर घ्यायची, खड्ड्यावर नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खड्ड्यात साचून राहतो आणि खाली काम करणाऱ्या पोराला पत्ताही लागत नाही. ही शिस्त मी मोडत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांनाही मोडू देत नाही.

इंजेक्टर बदलले, नळ्या बदलल्या, वायरिंगचे पिन एकेक करून तपासले. मिसफायर मात्र तीन नंबर सोडायला तयार नव्हता.

स्कॅनरवर आणखी एक गोष्ट दिसत होती. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन वाढवत होता. किती टक्के वाढवलं ते सांगणारी फ्युएल ट्रिम अधिक अठरापर्यंत गेलेली. आधीच्या गॅरेजने हेच बघून गॅस कमी पडतोय असं धरलं असणार, कारण किटच्या मॅपमध्ये, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा त्या तक्त्यात, सगळीकडे गॅस वाढवून ठेवलेला दिसला. इथे फसायला होतं. सिलिंडरमध्ये जाळ पेटलाच नाही की त्यातली हवा न जळता तशीच सायलेन्सरकडे जाते. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. न जळलेलं इंधन त्याला दिसत नाही. तो सांगतो मिश्रण पातळ आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय, आणि ईसीयू बिचारा चारही सिलिंडरांना जास्त पाजत बसतो. म्हणजे ट्रिम वाढली होती ती मिसफायरमुळे, आणि तिलाच मिसफायरचं कारण समजून रेल बदलली गेली. तात्यांच्या चौदा हजारांतले बरेचसे या एका उलट्या वाचनात गेले.

दोन दिवस असे गेले. तात्या त्या दोन दिवसांत किटल्या घेऊन एसटीने आले-गेले. त्यांनी एकदाही घाई केली नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढायला मी किल्ली फिरवली. थंड इंजिन, पेट्रोलवर सुरू झालं, घड्याळासारखं चाललं. मी तसाच बसून राहिलो. तीनेक मिनिटांनी पाणी कोमट झालं, टिक आवाज झाला आणि स्विचवरचा दिवा हिरवा झाला. गाडीने गॅस घेतला.

आणि गाडी तशीच छान चालत राहिली.

गॅसवर, आणि झटका नाही. मी ॲक्सिलरेटर दिला, सोडला, पुन्हा दिला. स्वच्छ. गॅरेजच्या सपाटीवर, कोमट इंजिनात तिला गॅसचा काही त्रास नव्हता. दोष गॅसमध्ये असता तर दिवा हिरवा झाल्याबरोबर दिसायला हवा होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तात्यांची गाडी पेट्रोलवर चालते कधी? पहाटे, दारातून निघताना, पहिली तीन मिनिटं. रिड्यूसर म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग; त्यात गॅस द्रवाचा वायू व्हायला रेडिएटरच्या पाण्याची ऊब लागते, म्हणून किट थंड इंजिनाला गॅस देतच नाही. पाणी तीस-चाळीस अंशांच्या पुढे गेलं की मगच गॅस. म्हणजे तात्यांच्या अनुभवात पेट्रोल म्हणजे कायम थंड इंजिन आणि उताराचा रस्ता, आणि गॅस म्हणजे तापलेलं इंजिन आणि चढाचा रस्ता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी तापलेल्या इंजिनाने, पेट्रोलवर, घाट कधी चढलाच नव्हता. आणि मीही चढवून बघितला नव्हता. गॅरेजात उभ्या गाडीवर स्विच दाबून मी खात्री करून घेतली होती. हे काम पहिल्या तासात व्हायला हवं होतं. दोन दिवस उशीर झाला, तो पूर्णपणे माझा.

टाकीत जेमतेम चार लिटर जुनं पेट्रोल होतं. आणखी पाच लिटर भरलं, तात्यांना शेजारी बसवलं, स्कॅनर शिकाऊ पोराच्या मांडीवर दिला आणि यवतेश्वरचा घाट धरला. शहरातून फिरवून इंजिन आधीच पुरतं तापवलं होतं. स्विच पेट्रोलवर. चौथं वळण संपवून चढ लागला आणि गाडीने झटका दिला. गॅसवर देते त्यापेक्षा हलका, पण तोच. मागून पोरगा ओरडला, "तीनच नंबर, दादा!"

तात्या माझ्याकडे बघत म्हणाले, "आता प्याट्रोलवर बी?"

"तात्या, गॅसचा दोष नाही. इंजिनातच आहे."

वर सपाटी लागल्यावर कडेला गाडी लावली. खाली धुक्यातून सातारा मधूनच दिसत होतं. तात्यांचा चेहरा उतरला होता. इंजिनाचं काम म्हणजे खर्च. त्यांना काय सांगावं सुचेना, तेव्हा त्यांचंच ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं. इंजिन शांत झालंय.

माझे उस्ताद पोवई नाक्याजवळ काम करायचे. ते म्हणायचे, वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नाही. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. त्यात थोडी फट असते म्हणून तो टकटकतो. फट गेली की आवाज जातो, आणि त्याबरोबर व्हॉल्व्हचं पुरतं बसणंही जातं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चढावर लालभडक तापतो आणि लांबतो. त्याला लांबायला जागाच नसेल तर तो सीटवरून, म्हणजे जिथे टेकून तो बंद होतो त्या कडेवरून, केसभर उचललेला राहतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तिथून निसटतं.

गॅरेजला आल्यावर गरम इंजिनातच कॉम्प्रेशन घेतलं. एक, दोन आणि चार नंबर १७० पीएसआयच्या आसपास. तीन नंबर ९५. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा घेतलं. आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा ठीक. पिस्टन वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि पोराला सायलेन्सरला कान लावायला सांगितलं. त्याने हात वर केला. हवेची सू-सू तिकडूनच येत होती, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून.

रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं. सकाळी कव्हर काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, घेतला. तीन नंबरच्या एक्झॉस्टला ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा जाईना. दोनला ०.१० कशीबशी. हेड उतरवलं तेव्हा तीनचा व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बुडालेला दिसला, आणि त्याची कड एका ठिकाणी जळून खाचली होती.

मग गॅस अगदीच निर्दोष होता का? नाही. फक्त ज्या गुन्ह्यासाठी त्याला धरलं होतं तो त्याचा नव्हता. गॅस कोरडं इंधन आहे. सीट आणि व्हॉल्व्हमध्ये जो थोडासा थर पेट्रोलवर टिकतो तो गॅसवर टिकत नाही. मऊ सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट खात जातो. त्यात मिश्रण पातळ असेल तर उष्णता वाढते आणि झीज धावते. तात्यांच्या किटचा गॅस फिल्टर बसवल्यापासून बदललेलाच नव्हता. उघडला तर आत काळा चिकट गाळ. चढावर गॅसची मागणी वाढली की दाब पडत असणार आणि मिश्रण पातळ होत असणार, वर्षानुवर्षं. ज्याने किट बसवलं त्याने फिल्टरचं सांगितलं नव्हतं, टॅपेट तपासायचंही नाही. हे मला मनापासून खटकतं. किट विकताना बचतीचा हिशेब सगळे मांडतात. दर दहा हजार किलोमीटरना टॅपेट बघा, फिल्टर बदला, आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, एवढं सांगायला दोन मिनिटं लागत नाहीत.

हेड लेथवाल्याकडे दिलं. त्याने एक्झॉस्टच्या चारही सीट काढून कडक धातूच्या बसवल्या. तीनचा व्हॉल्व्ह नवा घातला, बाकीचे पेस्ट लावून घासले, रॉकेल ओतून गळती बघितली. हेड बसवून टॅपेट पुस्तकातल्या आकड्याला लावले. गॅसचे दोन्ही फिल्टर नवे, आणि किटचं कॅलिब्रेशन पुरत्या तापलेल्या इंजिनावर पहिल्यापासून केलं. आधीचा वाढवलेला गॅस पुसून टाकला. ट्रिम शून्याच्या आसपास आली. मजुरी मी निम्मीच घेतली. पहिले दोन दिवस माझ्या चुकीचे होते, त्याचे पैसे तात्यांकडून घ्यायचे नव्हते.

घाट तात्यांनी स्वतः चढवला, गॅसवर, मी शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वळणामागून वळण घेत गेली. यवतेश्वरच्या कमानीपाशी आल्यावरही त्यांनी थांबवली नाही, सरळ घरापर्यंत नेली आणि दारात म्हशींसमोर लावली. मला चहाऐवजी पेलाभर धारोष्ण दूध मिळालं.

चार दिवसांनी फोन आला. आवाजात काळजी.

"मिस्त्री, गाडी पळतीया छान. पर इंजिन वाजतंय की वो. पयल्यासारखं, टकटक."

"वाजू द्या तात्या. तो आवाज गेला की त्याच दिवशी गाडी घेऊन या."

परवा दहा हजार पुरे झाले म्हणून आले होते. तीन नंबरची फट होती तेवढीच. दोनची किंचित कमी भरली, ती लावून दिली आणि चारही आकडे त्यांच्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहिले.