पावसात फाटकाचा सिग्नल हिरवा होत नाही तेव्हा

रेल्वे फाटकाचे दोन्ही बूम (रस्ता अडवणारे दांडे) खाली, कुलूप लागलेलं, किल्ली पॅनेलमध्ये फिरवलेली, तरी सिग्नल लालच. कोकणपट्टीत पावसाळा लागला की सिग्नल मेंटेनरला असा निरोप येतोच.

रचनाच अशी आहे की तार तुटली किंवा पुरवठा गेला तर रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल राहतो. खरा धोका तात्पुरती तार जोडून हिरवा दिवा मिळवण्यात आहे. गाडी कितीही खोळंबली तरी आम्ही ते करत नाही.

तोवर गाड्यांचं काय? गेटमन फाटक बंद ठेवून स्टेशन मास्तरांशी प्रायव्हेट नंबरची (निरोपाची खात्री पटवणाऱ्या गुप्त क्रमांकाची) देवाणघेवाण करतो. 'G' अक्षराच्या पाटीचा गेट सिग्नल लाल असेल तर लोको पायलट शिटी देऊन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबतो, मग सावकाश फाटकापर्यंत येतो आणि गेटमनने हात-सिग्नल दाखवल्यावरच ओलांडतो. ट्रकच्या धडकेने बूम मोडला असेल तर रस्त्यावर आडवी साखळी लावून तिला कुलूप घालतात.

आमचं काम डिस्कनेक्शन मेमोवर (यंत्रणा वापरातून काढल्याच्या लेखी नोंदीवर) स्टेशन मास्तरांची सही झाल्यावर सुरू होतं. मल्टीमीटर घेऊन पुरवठ्यापासून निघायचं: फ्यूज, मग एका बूमचा संपर्क, दुसऱ्याचा, कुलपाचा, शेवटी रिलेची कॉइल. २४ व्होल्ट जिथे नाहीसे होतात, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष. मोजायचं ते सर्किट जोडलेलं असताना. खराब जोड रिकाम्या सर्किटवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लोड येताच बसतो. यात नवखे फार फसतात.

किनाऱ्याजवळ दोष बहुधा बूमच्या संपर्कात सापडतो. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर चढतो, वरून पावसाची ओल. दुसरी जागा लोकेशन बॉक्समधलं (रुळाशेजारच्या जोडण्यांच्या पेटीतलं) केबलचं तोंड. तिथलं सील उखडलं की पाणी आत उतरतं. केबल मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) तपासायची तर आधी दोन्ही टोकं रिले आणि इलेक्ट्रॉनिक कार्डांपासून सोडवायची, नाहीतर कार्ड जळतं.

दुरुस्तीनंतर सिग्नल हिरवा झाला एवढ्यावर आम्ही थांबत नाही. एकेक बूम थोडा उचलून पाहायचा, मग किल्ली काढून पाहायची. प्रत्येक वेळी सिग्नल लाल व्हायलाच हवा. एखाद्या वेळी जरी झाला नाही तरी रिकनेक्शन मेमो (यंत्रणा पुन्हा वापरात दिल्याची नोंद) द्यायचा नाही.