कॅज्युअल्टीतला खोळंबा वरच्या मजल्यावरून येतो

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे इमर्जन्सी विभागात, गर्दी दिसली की कोणीतरी म्हणतंच, साध्या तापाला पण लोक इथे येऊन बसतात म्हणून सिरीयस पेशंटला वेळ मिळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. रविवारी संध्याकाळी पुण्यात वारज्याला पोराला १०३ ताप असताना एखादा उघडा दवाखाना शोधून दाखवा, शटर बंद, फोन लागत नाही, मग आईबापांनी जायचं कुठे? ज्याचं हातावर पोट आहे त्याला दिवसा ससूनच्या ओपीडीत नंबर लावायचा म्हणजे रोज बुडतो, तो रात्रीच येणार. सरकारचा ‘आपला दवाखाना’ दुपारी २ ते रात्री १० असा याच लोकांसाठी काढलाय, पण आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना तो माहीतच नव्हता.

आणि तापाचा पेशंट गोळ्या घेऊन घरी जातो हो, तो बेड अडवत नाही. अडकतात ते अ‍ॅडमिट करायचं ठरलेले पण वर वॉर्डात जागा नसलेले. सासूबाईंना दम लागला म्हणून एका प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, दारातच सिस्टरने बोटाला मशीन लावलं, सॅच्युरेशन ८६, लगेच ऑक्सिजन, लगेच ईसीजी, इथपर्यंत खरंच एक नंबर काम. मग अ‍ॅडमिट करा म्हणाले आणि अख्खी रात्र खालच्या ट्रॉलीवरच गेली. वरचा पेशंट बॅग भरून बसलेला, डॉक्टरांनी सकाळच्या राउंडलाच सोडलेला, पण डिस्चार्ज समरी टाइप व्हायला दुपार, बिलिंगला संध्याकाळ आणि मग टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या, अप्रूव्हलची वाट. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये नियम केलाय की डिस्चार्जची रिक्वेस्ट आल्यावर ३ तासांत फायनल अप्रूव्हल द्यायचं, पण फाइलच संध्याकाळी गेली तर ते ३ तास सुरू कधी होणार?

तोवर खाली त्याच दोन सिस्टर नवीन पेशंट पण बघतायत आणि ट्रॉलीवरचे पण. सासूबाईंची सलाइन संपून नळीत रक्त उलटं चढलं, मी धावत गेले तर सिस्टर शेजारच्या पडद्याआड एका काकांची छाती दाबत होत्या, घामाने निथळलेल्या. त्यांना काय बोलणार? शेवटी वॉर्डबॉय मामांनी येऊन नळी बंद केली.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा, लकव्याच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे ट्रॉल्या भरलेल्या असल्या की फटका याच लोकांना बसतो आणि शिव्या मात्र खाली उभ्या असलेल्या ज्युनिअर डॉक्टरला. उद्या कोणाला सोडायचंय हे डॉक्टरांना बहुतेक वेळा आदल्या दिवशीच माहीत असतं ना, मग समरी आणि बिल रात्रीच तयार ठेवा, सकाळी राउंड झाला की फाइल टीपीएकडे. यासाठी नवीन मशीन लागत नाही की नवीन बिल्डिंग, बिलिंगला रात्रपाळीचा एक माणूस वाढवला तरी पुष्कळ फरक पडेल.