लिहिताना लटकणारा एनएफएस माउंट: ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग’च्या मुळाशी जाताना

लिनक्स सर्व्हरवर दोन दहा-गिगाबिट पोर्ट, दोन्ही मिळून एलएसीपीचा (पोर्ट एकत्र बांधण्याचा प्रोटोकॉल) एक बाँड, म्हणजे एकच जोडणी. त्यावर स्टोरेजसाठी वेगळा व्हीलॅन (आभासी नेटवर्क), एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, ९००० बाइट. नेटवर्क स्टोरेजमधले फोल्डर एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वापरण्याचा प्रोटोकॉल) व्हर्जन ३ ने माउंट केलेले, म्हणजे सर्व्हरला जोडलेले. बाँडचा एक पाय, म्हणजे एक पोर्ट, एका स्विचवर, दुसरा दुसऱ्या स्विचवर. आदल्या रात्री यातला एक स्विच बदलला होता. सकाळी रात्रीचा बॅकअप अर्धवट लटकलेला आणि कर्नलच्या लॉगमध्ये तीच परिचित ओळ: ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’.

ही ओळ फारच कमी सांगते. यातला ‘सर्व्हर’ म्हणजे स्टोरेज, आणि त्याला पाठवलेल्या विनंतीचं (आरपीसीचं) उत्तर वेळेत आलं नाही, एवढाच तिचा अर्थ. स्टोरेज बंद आहे असं ती म्हणत नाही. माउंटच होत नसेल तर काम सोपं असतं. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर एक्सपोर्टची (कोणाला कोणता फोल्डर खुला आहे त्याची) यादी बघायची, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर स्टोरेजवरची सेवा, आणि नुसता टाइमआउट झाला तर फायरवॉल. व्हर्जन ४ ला फक्त २०४९ पोर्ट पुरतो. व्हर्जन ३ ला १११ आणि माउंटडीचा (माउंटची विनंती हाताळणाऱ्या सेवेचा) पोर्टही लागतो, तो बांधून ठेवला नसेल तर प्रत्येक रीस्टार्टला बदलतो. इथे मात्र माउंट झालेला होता, पिंग चालत होतं, २०४९ उघडा होता.

सर्व्हरवर लोड ॲव्हरेज ४० च्या पुढे आणि सीपीयू जवळजवळ मोकळा. हे चित्र दिसलं की पीएसच्या यादीत ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे उत्तराची वाट बघत अडकलेल्या, प्रोसेस मोजाव्यात. लिनक्स त्यांनाही लोडमध्ये धरतं. त्यातल्या एकीचा कर्नल स्टॅक प्रॉक फोल्डरमधून वाचला, तर ती आरपीसीच्या उत्तराची वाट बघत थांबलेली. इथे हात शिवशिवतात, पण रीबूट करू नये. काउंटर, अडकलेलं कनेक्शन, सगळा पुरावा पुसला जातो, आणि बरेचदा शटडाउनही त्याच माउंटवर लटकतं.

एलएस, डीएफ, टच, यातली कुठलीच कमांड परत येत नव्हती, म्हणून स्टोरेजच मेलंय असं वाटत होतं. पण लिनक्सचा क्लायंट एका स्टोरेजच्या सगळ्या माउंटना साधारणपणे एकाच टीसीपी कनेक्शनवर बसवतो. त्या कनेक्शनवर एक मोठा सेगमेंट (टीसीपीने पाठवलेला डेटाचा तुकडा) अडकला की त्याच्या मागची प्रत्येक विनंती रांगेत थांबते, मग ती शंभर बाइटची का असेना. त्याच स्टोरेजचा दुसरा फोल्डर चाचणीसाठी माउंट करूनही उपयोग नाही. तो त्याच अडकलेल्या कनेक्शनवर जाऊन बसतो. म्हणून चाचणीचा माउंट व्हर्जन ४.१ ने, वेगळ्या फोल्डरवर केला. त्याचं कनेक्शन वेगळं असतं.

या ताज्या माउंटवर आधी टच केलं, झालं. एक केबीची फाइल लिहिली, झाली. मोठी फाइल वाचली, पूर्ण वेगाने आली. मग डीडी कमांडने १०० एमबी लिहायला घेतले आणि तिथेच गाडी थांबली. छोटं जातं, मोठं जात नाही, आणि तेही फक्त लिहिताना. असं दिसलं की एमटीयूवर संशय घ्यायचा.

एसएस कमांडला टीसीपीचा तपशील दाखवायला सांगितलं, तेव्हा त्या कनेक्शनपुढे एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा) ८९४८ होता. म्हणजे ९००० वजा आयपी आणि टीसीपीचे ४० बाइट, वजा टाइमस्टॅम्पचे १२. रीट्रान्समिटचा आकडा चढत होता आणि आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा वेळ) दर वेळी दुप्पट होत होता. टीसीपीडम्पमध्ये तोच सीक्वेन्स नंबर पुन्हा पुन्हा जाताना दिसला, आधी सेकंदाच्या अंशांनी, मग कित्येक सेकंदांनी. एक सावधगिरी: पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडम्प लावला तर ऑफलोडमुळे (तुकडे करायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवल्यामुळे) एमटीयूपेक्षा कितीतरी मोठी पॅकेट दिसतात. ती तारेवरची खरी लांबी नव्हे. विश्वास एमएसएसवर ठेवावा.

आता पिंग. तुकडे करायचे नाहीत ही अट घालून ८९७२ बाइटचं पिंग सोडलं. ८९७२ अधिक आयसीएमपीचे (पिंगचा प्रोटोकॉल) ८ अधिक आयपीचे २०, बरोबर ९०००. ते व्यवस्थित परत आलं! बरेच जण इथेच एमटीयूचा संशय सोडून देतात, आणि खरी मेख इथेच आहे. आमच्या बाँडचं हॅश धोरण (कोणती वाहतूक कोणत्या पायाने जाईल याचा नियम) लेअर ३+४ होतं, म्हणजे आयपी आणि टीसीपीचे पोर्ट नंबर मिळून पाय ठरतो. आयसीएमपीला पोर्टच नसतात, त्यामुळे त्या दोन पत्त्यांमधलं पिंग कायम एकाच पायाने जातं. एनएफएसचं कनेक्शन दुसऱ्या पायाने जात असेल, तर पिंग त्या रस्त्याला शिवतसुद्धा नाही. ‘अनमाउंट करून पुन्हा माउंट केलं की कधीकधी चालतं’ या तक्रारीचंही कारण हेच. नव्या माउंटला नवा सोर्स पोर्ट मिळतो आणि त्याच्याबरोबर पायही बदलू शकतो. नुसतं कनेक्शन तुटून जोडलं गेलं तर मात्र व्हर्जन ३ चा क्लायंट तोच जुना सोर्स पोर्ट वापरायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो.

म्हणून पाय एकेक करून तपासले. मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळं असल्याची खात्री केली, कन्सोल उघडून ठेवला आणि बदललेल्या स्विचकडे जाणारा पोर्ट डाउन केला. बाँडने सगळी वाहतूक उरलेल्या पायावर घेतली. एक-दोन मिनिटांत लॉगमध्ये ‘ओके’ची ओळ आली आणि अडकलेलं लिहिणं आपोआप पुढे सरकलं. हार्ड माउंटचा (उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणाऱ्या) हा फायदा: एकाही प्रोसेसला एरर गेली नाही. सॉफ्ट माउंट असता तर तिला मध्येच इनपुट-आउटपुट एरर मिळाली असती, आणि ती न तपासणाऱ्या प्रोग्रामने अर्धवट फाइल पूर्ण समजून सोडून दिली असती. लिहायच्या माउंटवर सॉफ्ट लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

मग उलट केलं. सेवा थांबवून चांगला पाय डाउन, संशयित पाय चालू. १४७२ बाइटचं पिंग परत येतं, ८९७२ चं येत नाही. इथे बारकाईने बघावं. पिंगने ‘मेसेज टू लाँग, एमटीयू १५००’ असं सांगितलं तर आपल्याच इंटरफेसचा एमटीयू कमी आहे. काहीच न सांगता पॅकेट हरवलं तर मधलं कोणीतरी ते टाकून देतंय. आमच्याकडे नुसती शांतता होती. राउटर निदान ‘तुकडे कर’ असा निरोप पाठवू शकतो. स्विच लेअर २ वर मोठी फ्रेम गुपचूप टाकतो. आणि हँडशेकमध्ये दोन्ही टोकं आपापल्या इंटरफेसचा एमटीयू बघून एमएसएस ठरवतात, मधल्या स्विचला कोणी विचारत नाही. म्हणून माउंट होतो आणि लिहिणं मरतं.

नव्या स्विचवर व्हीलॅन, पोर्ट-चॅनेल (स्विचकडचा बाँड) सगळं जुन्यासारखं होतं, फक्त एमटीयू मूळ १५०० वर राहिला होता. त्या पोर्टचा ओव्हरसाइज काउंटर प्रत्येक मोठ्या पिंगबरोबर एकाने वाढत होता. तिथे ९२१६ ठेवला. ९००० नेमका ठेवू नये, कारण काही स्विच या आकड्यात इथरनेट हेडर आणि व्हीलॅन टॅगही मोजतात. दोन स्विचमधल्या पीअर लिंकवरही तोच आकडा लागतो, तो हमखास विसरला जातो. काही स्विचवर जम्बोची, म्हणजे मोठ्या फ्रेमची, मर्यादा पोर्टला नसून अख्ख्या स्विचला असते आणि रीबूटनंतरच लागू होते, तेव्हा आदेश देऊन झाल्यावर चालू मूल्य वाचून बघावं.

डब्ल्यूसाइझ (एका विनंतीत लिहायचा कमाल डेटा) ८१९२ करून बघा, असा सल्ला बरेचदा मिळतो. त्याने काही होत नाही. आठ केबीची एक विनंतीसुद्धा १५०० च्या फ्रेममध्ये मावत नाही.

दुरुस्तीनंतर दोन्ही पाय चालू केले आणि आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) एकदम १६ प्रवाह दोन्ही दिशांनी सोडले, म्हणजे वेगवेगळे पोर्ट दोन्ही पायांवर वाटले जातात. एकही प्रवाह शून्यावर अडकला नाही. एनएफएसस्टॅटमधला रीट्रान्समिशनचा आकडा टिपून ठेवला आणि त्या रात्रीच्या बॅकअपनंतर पुन्हा वाचला. तो तेवढाच होता.